अकरा संगणकांची पूजा

सोमवारी सकाळी मी सुट्टीवरून परतलो तेव्हा गुन्हेगार ठरलेला होता आणि चौकशी व्हायची बाकी होती. हा क्रम उलटा आहे असे मी म्हणायला हवे होते; पण पाटणहून पहिली एस.टी. पकडून आलो होतो आणि अजून चहा मिळाला नव्हता.

रहिमतपूरचे आमचे केंद्र माती आणि पाणी तपासते. शेतकरी पिशवीतून अर्धा किलो माती आणतो, आम्ही तिच्यातला सामू (पीएच), नत्र, स्फुरद, पालाश मोजतो आणि छापील पत्रिका देतो. नऊ माणसे, बारा संगणक. संस्थेचे मुख्य कार्यालय सांगलीला; रोज संध्याकाळी आमचे निकाल नेटवर्कवरून तिकडे जातात आणि तिथेच साठवले जातात; तपासलेले नमुनेही मागाहून तिकडेच ठेवायला जातात. उपकरणे आणि संगणक माझ्या ताब्यात. शिक्षण पदार्थविज्ञानाचे, नोकरी सव्वीस वर्षांची, आणि तिच्यातली बरीचशी ‘एकदा बंद करून पुन्हा चालू करा’ हे सांगण्यात गेलेली.

“सांगलीचा सर्व्हर झोपलाय,” केंद्रप्रमुख विश्वजितराव म्हणाले. “व्हायरस आपल्याकडनं गेला. सिमरनच्या पेनड्राइव्हमधनं.”

“कशावरून?”

“तिनंच सांगितलं की हो! शनिवारी आली आणि म्हणाली, सर, माझ्या पेनड्राइव्हमध्ये व्हायरस निघालाय. आता स्वतःच कबूल म्हटल्यावर पंचनामा कशाला?”

सिमरन आमच्याकडे तीन वर्षे कंत्राटावर निकालांची नोंद करते. शुक्रवारी कार्यालयाचा प्रिंटर बिघडला. बाहेर शेतकरी थांबलेले होते, म्हणून ती चाळीस पत्रिका पेनड्राइव्हवर घेऊन स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. दुकान तिच्या भावाचे, फारूकचे. त्याच्या संगणकाने पेनड्राइव्ह लावताच इशारा दिला. दुसऱ्या दिवशी तिने आल्या आल्या विश्वजितरावांना ते सांगितले. ज्याला रोग प्रथम दिसतो त्यानेच तो आणला, असे मानण्याची पद्धत जुनी आहे. त्या पद्धतीच्या बाजूने पुरावा मात्र कधीच सापडलेला नाही.

सांगलीहून कार्यकारी संचालक संयोगिता मॅडम फोनवर होत्या. “जयराज, शुक्रवारी पाचपर्यंत मला लेखी हवं. कुठून आला, कसा पसरला. इथल्या एकानं घाबरून अख्खी डिस्क फॉरमॅट केली. बाराशे चाळीस नमुन्यांचे निकाल गेले. ते सगळे नमुने पुन्हा तपासायचेत.”

“मूळ सापडलं नाही तर?”

“तर सिमरनचं कंत्राट पुढे चालू होणार नाही. ते शुक्रवारीच संपतंय. संशय असलेल्या माणसाला मी पुन्हा नेटवर्कवर बसवू शकत नाही. तोवर तिला घरी थांबायला सांगा.”

विश्वजितरावांनी ते सांगूनही टाकलेले होते.

एक प्रश्न त्या खोलीत कोणी विचारला नाही. दोन वर्षांपूर्वी मी सर्व संगणकांचे पोर्ट बंद केले होते; पेनड्राइव्ह लावला तरी संगणक तो ओळखत नसे. मग सिमरनचा कसा ओळखला? उत्तर मला माहीत होते. पुरावा हाती येईपर्यंत बोलू नये ही सवय चांगली आहे. मी त्या सवयीमागे उभा राहिलो आणि चहा मागवला.

*

प्रोग्रॅम साधा होता. त्यात हुशारी फारशी नव्हती, चिकाटी होती. पेनड्राइव्हवर जेवढे फोल्डर असतील तेवढे तो लपवतो आणि प्रत्येकाच्या जागी त्याच नावाचे, त्याच पिवळ्या चित्राचे एक शॉर्टकट ठेवतो. माणूस त्यावर दोनदा टिचकी मारतो. खरे फोल्डर उघडते, आतल्या फायली जागच्या जागी दिसतात, माणसाचे समाधान होते. त्याच टिचकीने प्रोग्रॅमची एक प्रत संगणकात उतरते. पुढे त्या संगणकाला जो पेनड्राइव्ह लागेल त्याच्यावर एक प्रत, नेटवर्कवर जे सामायिक फोल्डर दिसेल त्याच्यात एक प्रत. रोज संध्याकाळी सांगलीला निकाल ज्या फोल्डरातून जातात, तेही त्यात आले. सांगलीत कोणीतरी ‘निकाल’ नावावर टिचकी मारली. एवढे पुरेसे होते.

म्हणजे प्रत्येक वेळी एका माणसाची टिचकी लागतेच. यंत्रे आपसांत काही करत नाहीत.

मंगळवारी सकाळपासून मी संगणकांच्या अंतर्गत नोंदी काढत बसलो. संगणक आपल्याला लागलेला प्रत्येक पेनड्राइव्ह त्याच्या अनुक्रमांकासह आणि वेळेसह लक्षात ठेवतो. माणसांना हे माहीत नसते, म्हणून त्या नोंदी सहसा खऱ्या असतात. दुपारी दोनपर्यंत माझ्यापुढे तक्ता तयार होता. बारापैकी अकरा संगणकांना लागण झालेली. त्या अकरांना एकच पेनड्राइव्ह पाठोपाठ लावलेला: पहिल्याला बुधवारी अकरा वाजून आठ मिनिटांनी, शेवटच्याला अकरा सत्तेचाळीसला. सिमरनचा अनुक्रमांक त्यानंतर दोन दिवसांनी, शुक्रवारी, प्रथम दिसत होता.

बुधवार म्हणजे खंडेनवमी.

त्या दिवशी शेतकरी अवजारे पुजतो, फौजी बंदूक पुजतो, आम्ही तराजू, सामू मोजण्याचे यंत्र आणि संगणक पुजतो. झेंडूचा हार, हळद, कुंकू. यात बिघडण्यासारखे काही नाही. कुंकू कीबोर्डात जाते एवढेच. पण तीन वर्षांपूर्वी विश्वजितरावांच्या मनात आले की प्रत्येक संगणकाने देवीची आरती स्वतः म्हटली पाहिजे. आरती पेनड्राइव्हवर आणायची आणि एकेका संगणकाला लावून वाजवायची. गेल्या वर्षी पोर्ट बंद आहेत असे सांगून मी नकार दिला. पुढच्या महिन्यात पाणी शुद्ध करायची काचेची आसवनी फुटली. काच जुनी होती. पण कारण काय ते सर्वांनी आधीच ठरवलेले होते.

मी अंबूबाईंना विचारले. त्या केंद्रात झाडलोट आणि चहा करतात, आणि पूजेचे ताट त्यांच्याच हातात असते.

“नवमीला कुठून कुठे गेलात, सांगा बरं.”

“आवं, आदी सायबाच्या खोलीत. मंग उजव्या अंगानं. मी ताट घिऊन म्होरं, सायेब मागनं त्यो पेन घिऊन. मी कुकू लावायचं, त्येनी पेन खुपसायचा, आरती सुरू. लय ब्येस वाजली औंदा.”

“सगळ्या संगणकांवर?”

“कोपऱ्यातल्या त्या मोठ्या मशिनीचा सोडून. त्येला आवाजच न्हाई की. मुका हाय त्यो. त्येला नुस्तं हळदी-कुकू.”

कोपऱ्यातला बारावा संगणक मोजणी-यंत्राला जोडलेला आहे. त्याला स्पीकर नाही आणि तो नेटवर्कवरही नाही. शुक्रवारी सिमरनने आपला पेनड्राइव्ह सर्वांत आधी त्याच संगणकाला लावून त्यातले फोल्डर उघडले होते, कारण मोजणीचे आकडे तिथे असतात. तिथून तो सातव्या संगणकाला, आणि मग फारूकच्या दुकानात. तिच्या पेनड्राइव्हमध्ये आधीपासून काही असते, तर बाराव्या संगणकाला लागण व्हायला हवी होती. तो स्वच्छ होता. एखाद्या प्रयोगात इतकी चांगली तुलना मुद्दाम मांडायची म्हटली तर महिना जातो. इथे ती स्पीकर नसल्यामुळे फुकट मिळाली होती.

“त्या पेनात किडा व्हता व्हय?” अंबूबाई म्हणाल्या.

“होता.”

“मंग आरती कशी वाजली?”

“तो वाजू देतो. वाजली नाही तर लोक दुसऱ्या संगणकाला लावणार नाहीत.”

त्यांनी थोडा विचार केला. “शाना हाय. आमच्या थोरल्या जावेसारका.”

तक्त्याच्या सर्वांत वर आणखी एक ओळ होती. ‘बुधवार, दहा बेचाळीस. सर्व पोर्ट खुले. वापरकर्ता: जयराज.’ विश्वजितराव त्या सकाळी म्हणाले होते, “एक तासभर उघडा हो, वर्षाचा सण आहे,” आणि मी एक शब्दही न बोलता उघडले होते. पटले म्हणून नव्हे. तीच चर्चा तिसऱ्यांदा करायचा कंटाळा आला होता. साडेअकराची पाटणची गाडी होती. पोर्ट परत बंद केल्याची नोंद नव्हती, कारण मी ते बंद केलेच नव्हते.

*

बुधवारी सकाळी मी तक्ता विश्वजितरावांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. ते वाईट गृहस्थ नाहीत. गेल्या वर्षी माझ्या बायकोचे ऑपरेशन झाले तेव्हा साताऱ्याच्या दवाखान्यात ते तीन दिवस माझ्याबरोबर बसले होते.

“तो पेनड्राइव्ह आमच्या गल्लीतल्या मंडळाचा,” ते म्हणाले. “गणपतीत दहा दिवस साउंडवाल्याच्या लॅपटॉपला होता. त्याच्याआधी कुठं होता, देव जाणे.”

“मग तेवढंच लिहितो. त्याच्यापुढे माहीत नाही असंही लिहितो.”

“असं कसं लिहिता? नवमीच्या पूजेतनं व्हायरस गेला, असं कागदावर आलं तर गावात काय होईल?”

“पूजेतून गेला नाही. पेनड्राइव्हमधून गेला.”

“तुम्हाला कळतं ते. लोकांना कळतंय व्हय?” त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघा, ‘मूळ अज्ञात’ लिहा. कुणाचंच नाव नको. माझं नको, तुमचं तर नकोच नको. पोर्ट कुणी उघडले, हे पहिलं विचारतील. तुमची सहा वर्षं राहिलीत.”

“मूळ अज्ञात लिहिलं तर सिमरन जाते.”

“तिला दुसरीकडं कुठंही मिळेल. पोरगी हुशार आहे.”

हे विधान तपासून पाहण्याजोगे नव्हते. त्यांनी काही गैर म्हटले असेही नव्हते. एका बाजूला खंडेनवमी आणि दुसऱ्या बाजूला सिमरन, हे त्यांनी उच्चारलेच नाही. मी म्हणालो, “विचार करतो.” तसे म्हटले की संभाषण थांबते, आणि ते थांबावे एवढीच त्या घडीला माझी इच्छा होती.

दुपारी स्टँडवर फारूकने मला हाक मारली. दुकानात गिऱ्हाईक नव्हते. एरवी या दिवसांत तिथे अर्ज छापायला आलेली पोरे एकमेकांना ढकलत असतात.

“या सर. बसा. पेनड्राइव्ह आणला न्हाई ना? नसंल तर बसा,” तो म्हणाला. “काल एकानं दारातनं इचारलं, हितं माणसाला तर लागत न्हाई न्हवं? परत आलाच न्हाई गड्या. व्हायरसवाला म्हनत्यात मला. माझ्या मशीननं पकडला त्यो, आणि बदनाम मीच.”

“सिमरन कशी आहे?”

“घरात बसलीय. अम्मी म्हनती, जाऊन माफी माग, नोकरी वाचंल. ती म्हनती, कशाची माफी? दोन दिवस दोघी बोलत न्हाईत. मी मदी. एकीनं भाजी वाढायची, दुसरीनं भाकरी.” त्याने माझ्यासाठी चहा सांगितला. “तुमी शोधताय म्हनं, सर. सापडलं का काय?”

सापडून एक दिवस झाला होता. मी म्हणालो, “काम चालू आहे.”

चहा गोड होता. मी तो संपवला.

*

अहवाल शुक्रवारपर्यंत लिहून झाला नाही असे मी म्हणू शकतो, पण ते खोटे ठरेल. तो मंगळवारी रात्रीच लिहून झाला होता. पहिल्या परिच्छेदाच्या दोन आवृत्त्या होत्या: एकीत माझे नाव होते, दुसरीत नव्हते. बुधवार आणि गुरुवार मी संगणक साफ करण्यात घालवले. अकरांपैकी एक जरी तसाच राहिला तर बाकीचे दहा तासाभरात पुन्हा पूर्वीसारखे होतात, म्हणून आधी सगळ्यांच्या नेटवर्कच्या तारा काढायच्या, मग एकेकाला हात घालायचा. दोन दिवसांत चारच झाले. काम निर्बुद्ध होते, आणि निर्बुद्ध कामात एक सोय असते: त्याच्याकडे बोट दाखवून मनुष्य दुसरे काम टाळू शकतो.

शुक्रवारी साडेतीनला संयोगिता मॅडमचा फोन आला.

“जयराज, अहवाल?”

“पाठवतो.”

“मूळ सापडलं का? नसेल तर तसं सांगा. मला तिच्या कंत्राटाचा कागद पाचला बंद करायचाय.”

मी म्हणालो, “मॅडम, सिमरनचा पेनड्राइव्ह आपल्या संगणकामुळे खराब झाला. उलट नाही. पोर्ट मी उघडले होते.”

“तुम्ही? तुमच्याच नियमाविरुद्ध?”

“हो.”

“का?”

“सांगायचा कंटाळा आला होता.”

“हे लेखी देणार आहात?”

“तेवढं एक वाक्य सोडून. बाकी सगळं देतो.”

चार वाजता अहवाल पाठवला: तक्ता, अकरा संगणकांच्या वेळा, बाराव्या संगणकाची नोंद, मंडळाचा पेनड्राइव्ह, आणि वर माझी ओळ. एक प्रत विश्वजितरावांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचून टेबलावर पालथी घातली आणि म्हणाले, “तुम्ही मला आधी सांगायचं होतं, की देणारच आहे म्हणून.” मी बुधवारी तसे सांगितले नव्हते, हे खरेच होते. पाच वाजून दहा मिनिटांनी सांगलीहून दोन पत्रे आली. एकात सिमरनचे कंत्राट एक वर्षाने वाढवलेले. दुसऱ्यात माझ्याकडून सात दिवसांत खुलासा मागवलेला, आणि तोपर्यंत सर्व संगणकांचे अधिकार सांगलीकडे. विश्वजितरावांना पत्र नव्हते. पूजेचा उल्लेख सांगलीने आपल्या कागदात ‘स्थानिक कार्यक्रम’ असा केला होता.

*

शनिवारी अकरा वाजता सिमरन आली. मी पाचव्या संगणकाशी बसलो होतो. अधिकार काढलेले असल्यामुळे दर दहा मिनिटांनी सांगलीला फोन करून परवानगी घ्यावी लागत होती. तिने बॅग टेबलावर ठेवली नाही.

“पत्र मिळालं, सर.”

“बरं झालं.”

“तुमाला कवा कळलं?”

“काय?”

“की मी न्हाई म्हणून.”

“मंगळवारी. दुपारी दोनच्या सुमाराला.”

तिने बोटांवर मोजले नाही. डोळ्यांनीच मोजले असावे. “बुधवारी तुमी फारूकच्या दुकानात चहा घेतला.”

“हो.”

“तो घरी येऊन म्हणाला, जयराज सर लय शोधाशोध करायलेत. तवा अम्मी पहिल्यांदा नीट जेवली.”

पुरेशी खात्री करत होतो, असे म्हणता आले असते. खात्री मंगळवारीच झालेली होती.

“पत्राला जोडलेला अहवाल इंग्रजीत हाय,” ती म्हणाली. “दुकानात येणाऱ्या लोकांना वाचता येत न्हाई. मला एका पानावर मराठीत लिहून द्या. तुमची सही, केंद्राचा शिक्का. फारूक काचेला लावंल.”

“शिक्का विश्वजितरावांकडे आहे.”

“मग घेऊन या.”

मी गेलो. विश्वजितरावांनी कशाला हवा ते विचारले, मी सांगितले. त्यांनी खण उघडला, शिक्का टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “आरतीचं लिहू नका हो, तेवढं.” मी म्हणालो, “पेनड्राइव्ह केंद्रातला होता, इतकंच लिहितो.” त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, हे मी विचारले नाही.

परत येऊन मी लिहायला बसलो. सिमरन उभीच होती. बऱ्याच वर्षांत मी मराठीत पानभर लिहिले नव्हते, अक्षर शाळेतल्यासारखे आले. फारूक यांच्या दुकानातील संगणकात दोष नव्हता. उलट तेथेच हा व्हायरस प्रथम पकडला गेला. सिमरन यांनी ते दुसऱ्याच दिवशी कळवले. व्हायरस त्याआधीच केंद्रातील अकरा संगणकांत होता. केंद्रातील पोर्ट माझ्याकडून अनवधानाने खुले राहिल्यामुळे तो पसरला.

तिने कागद हातात घेतला, सावकाश वाचला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

“हे अनवधानानं का लिहिलं?”

“बंद करायला विसरलो, म्हणून.”

“बंद करायला विसरला. उघडलं कोणी? मुद्दाम उघडलं ना, सर?”

“हो.”

“मग तसं लिहा. तो शब्द ठिवला तर लोक म्हणतील, सरांनी पोरीला वाचवायला आपल्या अंगावर घेतलं. मग दोषी मीच राहिले.”

मी नवा कागद घेतला आणि पहिल्यापासून लिहिले: पोर्ट मी स्वतः, माहीत असताना, उघडले आणि बंद केले नाहीत. सही केली. शिक्का मारला, शाई थोडी फिसकटली. तिने दोन प्रती मागितल्या, एक काचेसाठी आणि एक अम्मीसाठी. झेरॉक्स फारूककडे काढ, असे मी म्हणणार होतो, पण दुसरी प्रतही हातानेच लिहिली.

तिने कागद घडी न घालता फाइलमध्ये ठेवले. मग साफ केलेल्या चार संगणकांकडे आणि तारा काढलेल्या बाकीच्यांकडे तिने पाहिले.

“अजून सात राहिले?”

“सात. आणि बाराशे चाळीस नमुने. ते पुढच्या आठवड्यात सांगलीहून पिशव्यांतून परत येतील.”

“सोमवारी किती वाजता येऊ?”

“नऊला आलीस तर बरं.”

“साडेनऊला येते,” ती म्हणाली, आणि गेली. मी सांगलीला फोन लावून पाचव्या संगणकाची पुढची परवानगी मागितली.